कारंज्याचा बाजार आणि तांड्यावरची गिरणी

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावाने १८८६ साली एक मोठं काम केलं. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकमाने त्या वर्षी इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. शेतमालाच्या खरेदी-विक्रीला नियम घालून दिलेला हा देशातला पहिला बाजार मानला जातो. वऱ्हाड तेव्हा नावापुरतं निजामाचं होतं, कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून मँचेस्टरला जाणारा कापूस अडला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग पुरा झाला. कारंज्याच्या आसपासचा कापूस बैलगाड्यांनी भरून बाजारात उतरू लागला.

माल होता, गिऱ्हाईक होतं, तरी शेतकरी नागवला जात होता. त्या काळच्या बाजारांत हत्ता पद्धत चालायची. रुमालाखाली दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल, त्यालाच तो शेवटी कळे. वजन कुणाच्या काट्यावर, कडता किती कापायचा, हमाली-तोलाई कुणी भरायची, सगळं समोरच्याच्या मर्जीवर. नियंत्रित बाजाराने या व्यवहाराला चौकट दिली. इंग्रजांचा हेतू आपल्या गिरण्यांना चांगला कापूस नियमित मिळावा हाच होता, हे मान्य करायला हवं. पण त्या चौकटीची उपयुक्तता एवढी होती की १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभर असे बाजार उभारण्याची शिफारस केली आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ मध्ये आला. या सगळ्याच्या मुळाशी कारंजं आहे.

या इतिहासातली एक गोष्ट आजच्या वाशिमसाठी फार महत्त्वाची आहे. कारंज्यात आधी बाजाराची घडी बसवली गेली, मालाला रास्त वाट मिळाली. आज गावातला, तांड्यावरचा, शहराच्या कडेच्या वस्तीतला छोटा उद्योग उभा करायचं ठरतं तेव्हा क्रम उलटा असतो. कर्ज सर्वांत आधी येतं, यंत्र त्यानंतर, प्रशिक्षण जमेल तसं आणि गिऱ्हाईक सर्वांत शेवटी. मागास वस्त्यांमधले कितीतरी चांगले उद्योग या उलट्या क्रमापायी अडखळतात.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा जिल्हा आहे: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यातली शहरात राहणारी १८ टक्क्यांच्या आसपास. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली. वैभवाचा असा वारसा असलेला हा मुलूख जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम असे चार जिल्हे त्या यादीत आले.

आकांक्षित जिल्ह्यांच्या या कार्यक्रमात आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, आर्थिक समावेशन व कौशल्य आणि पायाभूत सुविधा अशी पाच क्षेत्रं मोजली जातात. आर्थिक समावेशनात एक लाख लोकसंख्येमागे मुद्रा योजनेचं किती कर्ज वाटलं गेलं, हा एक निकष आहे. मोजमाप असावंच. मात्र जे मोजलं जातं त्याकडेच यंत्रणा धावते. वाटलेल्या कर्जाचा आकडा दर महिन्याला वर पाठवला जातो. त्या कर्जावर उघडलेलं दुकान तीन वर्षांनी चालू आहे का, हा प्रश्नही त्याच तक्त्यात असायला हवा.

जिल्ह्याचं अर्थकारण सोयाबीन आणि तुरीवर उभं आहे. खरिपात सोयाबीनच सुमारे तीन लाख हेक्टरवर असतं आणि त्याच्या ओळींमध्ये तूर. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, जानेवारीपासून तूर. दोन्ही पिकं बहुतांशी आहेत तशीच पोत्यांत भरून बाजार समितीत आणि तिथून जिल्ह्याबाहेर जातात. तूर मोठ्या दालमिलमध्ये जाते आणि डाळ होऊन, पाकिटात बसून, त्याच गावच्या किराणा दुकानात परत येते. ज्या बाईने जुलैत ती तूर निंदली, ती उन्हाळ्यात तीच डाळ किलोच्या भावाने विकत घेते. तूर आणि डाळ यांच्या भावातल्या फरकात दळणवळण आहे, पॅकिंग आहे, व्यापाऱ्याचा नफा आहे, आणि त्यासोबत बाहेरगावी गेलेली मजुरीही आहे.

या ठिकाणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने फार मोलाचं काम केलं. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी लहान दालमिल तयार केली. विदर्भात ती पीकेव्ही मिनी दालमिल म्हणून ओळखली जाते. मोठ्या कारखान्यासारखी जागा, मजूर, भांडवल तिला लागत नाही. एखाद्या खोलीत ती बसते आणि दोन-तीन माणसं ती चालवू शकतात.

तुरीची डाळ करणं दिसतं तितकं सोपं नाही. तुरीचं टरफल दाण्याला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेलं असतं. हरभऱ्याचं तसं नाही, मुगाचं वेगळंच. म्हणून तूर आधी स्वच्छ करून चाळून एका आकाराचे दाणे वेगळे काढतात. मग ती यंत्राच्या खरखरीत रोलरमधून काढून टरफलावर ओरखडे पाडतात. त्यावर थोडं तेल चोळून ठेवतात, म्हणजे ते आत मुरतं. त्यानंतर पाण्यात भिजवणं, उन्हात वाळवणं आणि पुन्हा यंत्रात घालून टरफल काढणं, दाणा दुभंगणं. मधल्या वाळवण्याच्या दिवसांत ढग आले तर सगळं वेळापत्रक बिघडतं. घाईने ओलसर माल यंत्रात घातला तर तुकडा जास्त पडतो, डाळ कमी. जुन्या जात्यावर किंवा साध्या चक्कीवर जितकी डाळ हाती येते त्यापेक्षा या पद्धतीने क्विंटलमागे कित्येक किलो जास्त मिळते. उरलेली चुनी आणि टरफलं गुरांच्या खाद्याला जातात, त्यांचेही पैसे होतात.

अशा गिरणीचा सर्वांत सुरक्षित धंदा मजुरीने डाळ करून देण्याचा आहे. शेतकरी वर्षभराच्या घरच्या डाळीपुरती तूर घेऊन येतो, गिरणी किलोमागे मजुरी घेते, शेतकरी आपली डाळ घेऊन जातो. इथे माल विकत घेण्याचं भांडवल लागत नाही, विकण्याची चिंता नाही, गिऱ्हाईक गावातच आहे. त्यात जम बसला की मग स्वतः तूर विकत घेऊन डाळ विकायची पायरी येते. पहिल्याच वर्षी कर्ज काढून शंभर क्विंटल तूर भरून ठेवणाऱ्या बचत गटाने मोठी जोखीम घेतलेली असते, कारण तुरीचा भाव आयात धोरणाच्या एका निर्णयाने महिनाभरात खाली येऊ शकतो. मजुरीच्या कामाला कमी प्रतिष्ठा मिळते, प्रकल्प अहवालात ते छोटं दिसतं. तरीही गावच्या उद्योगाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

गिरणी तुरीपुरती ठेवली तर ती वर्षातले तीन-चार महिनेच चालते. म्हणून तिच्या शेजारी पिठाची चक्की, मिरची कांडप, हळद दळण अशी जोड द्यावी लागते. रिसोड आणि त्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचं पीक आहे आणि हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळकुंडं दळून विकणं हे डाळीसारखंच गावात होण्याजोगं काम आहे.

सोयाबीनचं मात्र वेगळं आहे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं, तेल काढण्याचा उद्योग मोठ्या भांडवलाचा आहे आणि बचत गटाच्या आवाक्याबाहेर राहतो. गावात होण्याजोगं काम पिठाचं, दुधाचं आणि पनीरचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, म्हणून ते अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून, वाळवून मगच दळावं लागतं. असं पीठ नऊ किलो गव्हात एक किलो मिसळलं तर पोळीची चवही फारशी बदलत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने सोयाबीन प्रक्रियेची अशी तंत्रं घरगुती उद्योगाला पेलतील इतकी सुटसुटीत केली आहेत. रिसोड तालुक्यातल्या करडा इथे सुविदे फाउंडेशनचं कृषी विज्ञान केंद्र आहे, शेतकऱ्यांना आणि गटांना असं ज्ञान जवळ मिळण्याची ती जागा. तीन लाख हेक्टर सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात अंगणवाडी आणि शाळेच्या खिचडीत सोयाबीनचं स्थानिक पीठ नियमित गेलं, तर दोन गोष्टी साधतील: पोरांच्या पोटात प्रथिनं जातील आणि गावच्या चक्कीला वर्षभराचं गिऱ्हाईक मिळेल. सरकार स्वतः इतकं मोठं खरेदीदार असताना गटांनी प्रदर्शनाच्या चार दिवसांवर का अवलंबून राहावं?

हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण गटांची ताकद आता खरोखर मोठी झाली आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून काम करतं आहे. २०११ मध्ये बचत गटांसाठीचं उमेद अभियान आलं. दहा-बारा जणींचा गट, गटांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी उतरंड आहे. गट दर आठवड्याला किंवा महिन्याला बचत करतो, आपसात कर्ज देतो, हिशेब लिहितो. मग फिरता निधी मिळतो, पुढे बँकेचं कर्ज. गटांना विनातारण कर्जाची मर्यादा २०२१ मध्ये १० लाखांवरून २० लाख झाली. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अकोला, अमरावती, बुलडाणा, वर्धा, यवतमाळ आणि वाशिम या सहा जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने केम प्रकल्प राबवला गेला, त्यातही महिलांचे गट आणि गावपातळीवरची प्रक्रिया यांवर भर होता.

जून २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्याला खेळतं भांडवल व लहान अवजारांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल. हे बीज भांडवल अनुदानापेक्षाही कामाचं आहे. गिरणी बंद पडते ती बहुतेकदा यंत्र बिघडल्यामुळे नाही, तर तूर घ्यायला हाती पैसा नसल्यामुळे.

कर्जाबरोबर काय लागतं, याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडने दिलं आहे. दुष्काळी माण तालुक्यात चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका काही महिन्यांत अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी त्यांनी दाखवली. परवाना मिळाला. पुढे बँकेने दारात जाऊन बचत गोळा केली आणि व्यवसायाचं शिक्षण देणारी फिरती शाळा बसमधून गावोगाव नेली. बाईचा धंदा तिच्या दिवसाच्या वेळापत्रकात बसला पाहिजे, हे माणदेशीने ओळखलं. बाजाराचा दिवस बुडवून तिला बँकेत रांग लावायला लागू नये, एवढीही काळजी मोठी ठरते.

परदेशातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. अमेरिकेत शिकागोच्या साउथ शोअर वस्तीतून १९७० च्या सुमारास पैसा आणि दुकानं निघून जात होती. १९७३ मध्ये काही जणांनी तिथली बुडू लागलेली बँक विकत घेतली आणि वस्ती सावरण्यासाठीच ती चालवायची ठरवली. पुढे ती शोअरबँक म्हणून प्रसिद्ध झाली. सुरुवातीला तिने छोट्या दुकानदारांना कर्जं दिली आणि त्यांतली बरीच बुडाली, कारण ग्राहकच वस्ती सोडून दुसरीकडे खरेदीला जात होते. यश आलं ते वेगळ्या जागी. वस्तीत मजबूत बांधणीच्या, पण मोडकळीला आलेल्या भाड्याच्या इमारती होत्या. त्या विकत घेऊन दुरुस्त करणारी, स्वतः हातोडा चालवणारी स्थानिक माणसं पुढे आली. बँकेने त्यांना कर्ज दिलं आणि रस्त्यांमागून रस्ते सुधारले. २०१० मध्ये आर्थिक मंदीत ती बँक बुडाली, हेही खरं. पण वस्तीत आधीपासून काय आहे ते नीट पाहून त्यावर धंदा उभा करावा, हे तिने दाखवून दिलं.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर आधीपासून काय आहे? सुई आहे. बंजारा स्त्रियांची फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवरची कशिदाकारी, आरसे, कवड्या, नाणी लावून केलेलं भरतकाम ही शेकडो वर्षांची कला आहे. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर व्यापार करायचा. रेल्वे आणि रस्ते आले तसा तो व्यापार संपला आणि एक हिंडता, व्यापारी समाज मजुरीवर आला. आज तांड्यांवरची अनेक कुटुंबं कामासाठी वर्षातले काही महिने घर सोडतात. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या व्यापार केला, त्याला उद्योजकता शिकवायला निघण्याआधी त्याचं हे कसब मान्य केलं पाहिजे.

याच तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी असलेलं बंजारा समाजाचं सर्वांत मोठं तीर्थ. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगाऱ्याच्या आकाराची चार मजली वास्तू, तेरा दालनं. येणाऱ्या प्रत्येक भाविकाला आपल्या समाजाची एखादी वस्तू घरी न्यावीशी वाटणारच. ती वस्तू आसपासच्या तांड्यांवर तयार झालेली असावी, तिच्यावर करणाऱ्या गटाचं नाव असावं आणि तिचा दाम थेट तिथे पोहोचावा, यासाठी संग्रहालयाजवळ गटांची कायमची विक्रीची जागा हवी. यात्रेपुरत्या पालाने हे काम होणार नाही.

कर्नाटकातल्या संडूरने हा मार्ग चालून दाखवला आहे. तिथल्या लंबाणी स्त्रिया वाशिमच्या बंजारा स्त्रियांच्याच नात्यातल्या. संडूर कुशल कला केंद्राने त्यांच्या भरतकामाला बाजार मिळवून दिला आणि २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला झालेल्या जी-२० च्या सांस्कृतिक बैठकीत साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी घडवलेल्या १,७५५ लंबाणी वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. संडूरमध्ये कलेवर श्रद्धा असलेल्या लोकांनी बरीच वर्षं नमुने, रंग, मापं आणि ग्राहकाची आवड यांवर चिकाटीने काम केलं. पारंपरिक फेटिया शहरातली बाई घेणार नाही, पण त्याच टाक्यांची पिशवी, उशीचा अभ्रा, जाकिटाची पाठ ती आनंदाने घेईल. हे बदल करताना टाक्याची जात बिघडू नये, यासाठी तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनाच गुरू मानावं लागेल.

शहरांतल्या वस्त्यांचा विचार यात मागे पडतो. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांत भाजीची हातगाडी, चहाची टपरी, चपला शिवणारा, कपडे इस्त्री करणारा हेच वस्तीचे उद्योजक आहेत. १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजनेने त्यांना १०, २० आणि ५० हजारांच्या टप्प्यांनी विनातारण कर्ज दिलं. २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५ आणि २५ हजारांचे झाले आणि योजना मार्च २०३० पर्यंत वाढली. वेळेवर फेडलं की पुढचा टप्पा, ही रीत चांगली आहे. पण हातगाडीवाल्याला कर्जाइतकीच गरज बसायच्या हक्काच्या जागेची आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगरपरिषदेला विक्री समिती नेमून, पाहणी करून जागा ठरवून द्यायला सांगितलं आहे. अतिक्रमणाच्या कारवाईत ज्याची गाडी उचलली जाते, त्याचा त्या महिन्याचा हप्ता कुठून येणार?

आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. कारंजा, शेलुबाजार, मालेगाव परिसरातून गाड्या भरधाव निघून जातात. हा रस्ता माल लवकर बाहेर नेण्यासाठी जितका सोयीचा, तितकाच प्रक्रिया केलेला माल नागपूर-मुंबईला पोहोचवण्यासाठीही. इंटरचेंजजवळ गटांच्या डाळ, हळद, पीठ यांचं एक सामाईक गोदाम आणि पॅकिंग केंद्र झालं तर प्रत्येक गटाला वेगळं वजनयंत्र, वेगळं पिशवी बंद करायचं यंत्र घ्यावं लागणार नाही. लहान अन्नउद्योगाची नोंदणी २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांपासून सोपी आणि स्वस्त आहे. अवघड आहे ते प्रत्येक पाकिटात तीच चव, तीच ओल, तेच वजन राखणं. ते सामाईक केंद्राने जमतं.

आणि हे सगळं पिकाच्या वेळेशी जुळलं पाहिजे. जिल्ह्यातली तूर जानेवारी ते मार्च या काळात बाजारात येते, तेव्हाच ती स्वस्त असते. डाळीच्या गिरणीचं कर्ज मंजूर व्हायचं असेल, बीज भांडवल हाती यायचं असेल, तर ते दिवाळीच्या आसपास व्हायला हवं, म्हणजे यंत्र बसवून चाचणी घ्यायला दोन महिने मिळतात. बँका आणि कार्यालयं मात्र आपलं उद्दिष्ट पुरं करायला मार्चअखेरीची वाट पाहतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झालेल्या कर्जावर गिरणी एप्रिल-मेमध्ये उभी राहते. तोवर तूर महाग झालेली असते, पाऊस तोंडावर आलेला असतो, वाळवणाचे दिवस संपत आलेले असतात आणि हप्ते सुरू झालेले असतात. वाशिमच्या जिल्हा पातळीवरच्या बँकर्स बैठकीत हे एक वेळापत्रक बदललं तरी कितीतरी गटांचं पहिलं वर्ष वाचेल. त्यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको, मंजुरीची तारीख चार-पाच महिने अलीकडे आणायची आहे.